गाव बदलून धंद्याला जाताना : पिशवीत काय, फोनात काय, डोक्यात काय

घाटउतार

नवा धागा काढतेय, कारण जुन्या धाग्यावरची कामाची माहिती गप्पांत बुडाली आहे.

विषय एवढाच : आपलं गाव सोडून दहा-पंधरा दिवस दुसरीकडे जाऊन देहविक्रीचा धंदा करणाऱ्या बाया. मिरजेकडून गोवा, कोल्हापूरकडून निपाणी-बेळगाव, पुण्याहून नाशिक नाहीतर सुरत. रोजच्या गल्लीत निरोध देणारी ताई माहीत असते, दवाखाना माहीत असतो, कुठलं गिऱ्हाईक हात उचलतं तेही माहीत असतं. गाव बदललं की हे सगळं एका रात्रीत हातातून जातं.

प्रश्न : एका खांद्याच्या पिशवीत मावेल एवढंच न्यायचं तर काय न्यायचं? आणि निघायच्या आधी काय उरकायचं?

अटी : आपापल्या कहाण्या नकोत, लॉजची नावं आणि फोन नंबर तर मुळीच नकोत. धागा सज्ञान आणि आपल्या मर्जीने काम करणाऱ्यांचा आहे. अठराखालची कुणी दिसली किंवा कुणाला डांबून ठेवलंय असं कळलं तर इथे लिहीत बसू नका, १०९८ किंवा ११२ लावा.

केमिस्टकाका

आधी हिशोब. बारा दिवस, रोजची सरासरी पाच गिऱ्हाइकं, म्हणजे साठ निरोध. त्यावर पाव भाग जास्त धरा, कारण काही फाटतात, काही पाकिटं ओल लागून वाया जातात, काही मैत्रीण मागते. पंच्याहत्तर झाले. आपल्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पातल्या ताईला निघायच्या आठवडाभर आधी सांगितलं तर एवढे फुकट मिळतात, निघायच्या दिवशी दारात उभं राहिलात तर मिळतील याची खात्री नाही.

प्रत्येक पाकिटाची तारीख बघा. मग पाकीट दोन बोटांत दाबा, आतली हवा फुगीर लागली पाहिजे. चपटं, लिबलिबीत लागलं तर कुठेतरी छिद्र आहे, फेकून द्या. ठेवायचे ते पिशवीच्या मध्यभागी, कपड्यांच्या घडीत. एसटीच्या खिडकीत उन्हाकडे नाही, ब्लाउजमध्ये घामाशी नाही, लॉजच्या ट्यूबलाइटवर तर नाहीच. उष्णतेने रबर आधी चिकट होतं, मग ठिसूळ.

रात्रपाळी

काका, ट्यूबलाइटवर कोण ठेवतं हो?

केमिस्टकाका

लॉजच्या खोलीत उंदीर असतील तर सगळेच ठेवतात. त्यापेक्षा पत्र्याचा डबा घ्या, बिस्किटाचा चालतो.

सुईदोरा

जेलबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते. पाण्यात विरघळणाऱ्या जेलच्या पन्नास ग्रॅमच्या दोन ट्यूब. दुसऱ्या गावी पहिल्या दोन दिवसांत जास्त निरोध फाटतात त्याचं कारण कोरडेपणा : प्रवास, कमी पाणी, अपुरी झोप. खोबरेल, व्हॅसलिन, बेबी ऑइल, तूप, अंगाला लावायचं लोशन यातलं काहीही साध्या निरोधाला लागलं की रबर मिनिटांत कमजोर होतं. डोळ्याला दिसत नाही, पण फाटतो. गिऱ्हाईक मालिश करून घेणारं असेल तर आधी हात साबणाने धुवायचे, तेलकट हाताने पाकीटही उघडायचं नाही. दाताने तर नाहीच.

जेल सुकायला लागलं की आणखी जेल ओतू नका, बोटावर दोन थेंब पाणी घेऊन लावा, ते परत सरसरीत होतं. ट्यूब निम्मी वाचते.

आणि एकावर एक दोन निरोध चढवणं बंद करा. दोन्ही एकमेकांवर घासून दोन्ही फाटतात. गिऱ्हाइकाला हे पटत नसेल तर त्याला दोन शर्ट घालून पळायला सांगा.

कडकचहा

दोन शर्ट! हाहाहा. हे वाक्य आजच वापरणार.

बाईचा निरोध मिळत असेल तर चार-पाच तोही ठेवा. पिऊन आलेला, नीट उभं न राहणारा माणूस असला की साधा निरोध घसरतो, तिथे हा कामाला येतो, कारण तो आपल्या ताब्यात. नायट्राइलचा असेल तर त्याला तेल चालतं. पण बाईचा आणि पुरुषाचा एकाच वेळी वापरायचा नाही, चिकटून बाहेर येतात.

निपाणीकरीण

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येते, निघायच्या आधी काय.

१. तीन महिन्यांची नियमित तपासणी आणि सहा महिन्यांची एचआयव्ही-सिफिलिसची रक्ततपासणी जवळ आली असेल तर निघण्याआधी करून घ्या. परगावी नव्या दवाखान्यात पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं.

२. हेपटायटिस बीच्या लशीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. मधला डोस दौऱ्यात येत असेल तर आधीच विचारून घ्या.

३. जाल त्या गावात प्रकल्पाची ताई कोण, सुरक्षा क्लिनिक (गुप्तरोगांचा सरकारी दवाखाना) कुठे, हे आपल्या ताईला विचारा. ती तिकडे फोन करून देते. तिला माहीत नसेल तर १०९७ ही एचआयव्हीची फुकट हेल्पलाइन जवळचं केंद्र सांगते.

४. एसटीत बायकांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून आहे, पण राज्याच्या हद्दीतच. कागलपुढे, म्हणजे कर्नाटकात, पूर्ण भाडं धरून पैसे काढा. कर्नाटकातली फुकट बस तिथल्या रहिवाशाचं ओळखपत्र असेल तरच, महाराष्ट्राचं आधार दाखवून कंडक्टरशी भांडू नका.

लालपरी

चौथा मुद्दा सोन्याच्या अक्षरांत लिहा.

सावली_मिरज

ज्यांची एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, चालू आहेत त्यांच्यासाठी, आणि हे नीट वाचा.

गोळ्या दौऱ्याच्या दिवसांपेक्षा दहा जास्त घ्या. केंद्रात 'बाहेरगावी जातेय' एवढं सांगायचं, कशासाठी ते विचारलं तर 'कामाला' हे पूर्ण उत्तर आहे. केंद्रातून मिळालेलं औषधाच्या नोंदींचं हिरवं पुस्तक बरोबर असू द्या, निदान त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या नोंदीच्या पानाचा फोटो. गोळ्या संपल्या, हरवल्या, कुणी बॅग पळवली तर त्या गावच्या एआरटी केंद्रात पुस्तक दाखवून वाटेतली पेशंट म्हणून औषध मिळतं, नाव तिकडे बदलून घ्यावं लागत नाही. गोव्यात असाल तर बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात केंद्र आहे.

डबीवरचं लेबल लोकांना दिसू नये म्हणून गोळ्या साध्या पुडीत बांधणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. नका बांधू. दमट हवेत त्या खराब होतात. लेबल सोलून काढा, पण डबी तीच ठेवा आणि आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका.

डोलुटेग्राविर असलेल्या गोळीवर लोहाची, कॅल्शियमची गोळी किंवा पित्ताचं औषध लगेच घेतलं तर गोळी अंगी लागत नाही. एआरटी आधी, मग निदान दोन तास थांबून लोह. उलट क्रमाने घेतलं तर सहा तासांचं अंतर. रात्रभर जागरण असताना 'झोपताना' ही वेळ सरकत राहते, म्हणून संध्याकाळी सहाचा अलार्म लावून तयार होतानाच घेणं सोपं.

नवीन_आयडी

पिशवीत रोज घ्यायची ती प्रतिबंधाची गोळी, प्रेप, ठेवावी का? मैत्रीण म्हणते जाण्याच्या दिवशी दोन घ्यायच्या की झालं.

सावली_मिरज

मैत्रिणीने पुरुषांसाठीची माहिती वाचली आहे. आधी दोन, मग एक, मग एक ही पद्धत बाईच्या शरीराला चालत नाही. बाईने रोज एक घ्यायची, आणि पूर्ण संरक्षण यायला सलग सात दिवस लागतात. म्हणजे दौऱ्याच्या आधी आठवडाभर सुरुवात. त्याआधी एचआयव्हीची तपासणी, मूत्रपिंडाची आणि कावीळ बीची रक्ततपासणी. आणि प्रेप म्हणजे निरोधाला सुट्टी नव्हे, परमा, सिफिलिस, गर्भ यांतलं ती काहीच अडवत नाही.

केमिस्टकाका

निरोध फाटला तर काय, हे लिहून ठेवतो.

बुडाशी धरून हळू बाहेर काढा, आत तुकडा राहिला नाही ना बघा. लघवी करा. बाहेरून साध्या पाण्याने धुवा. आतून काहीही धुवायचं नाही : डेटॉल, साबण, लिंबू, सोडा काही नाही. आत पिचकारी मारली की जे बाहेर आहे ते आणखी आत जातं आणि कातडी सोलवटते.

घड्याळ बघा. गर्भ राहू नये म्हणून दीड मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेलची एक गोळी, बहात्तर तासांच्या आत, पण जितकी लवकर तितकी बरी. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर परत घ्या. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर ही गोळी कमी पडते, डॉक्टरला सांगा. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती सगळ्यात खात्रीची.

पेप, म्हणजे असं काही घडून गेल्यावर एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायचं औषध, हेही बहात्तर तासांच्या आत, पहिल्या दोन तासांत मिळालं तर उत्तम, आणि पुढे अठ्ठावीस दिवस रोज. जिल्हा रुग्णालयाची कॅज्युअल्टी किंवा एआरटी केंद्र. तिथे आडवळणाने 'अंग दुखतंय' म्हणू नका, रात्र तिथेच जाते. 'निरोध फाटला, इतके वाजता, पेप पाहिजे' असं सरळ सांगा.

वकीलबाई

काकांना पुरवणी. फाटला नसून जबरदस्ती झाली असेल तर सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाने फुकट आणि लगेच उपचार द्यायलाच हवेत, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७. आणि गाव आपलं नसलं तरी जवळच्या कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर लिहून घ्यावी लागते, 'तुमच्या गावी जा' हे उत्तर कायद्यात बसत नाही. बाई धंदा करते म्हणून तिची तक्रार हलकी होत नाही. १९ मे २०२२ च्या बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणातल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक अत्याचार झालेल्या सेक्स वर्करला इतर कुठल्याही पीडितेइतक्याच सगळ्या सोयी, वैद्यकीय मदतीसकट, द्यायला सांगितल्या आहेत.

रात्रपाळी

त्याच आदेशाने छापे बंद केले ना? आता कुणी हात लावू शकत नाही असं ऐकलं.

वकीलबाई

तेच चुकीचं ऐकलं जातं, आणि त्या भरवशावर बाया अडकतात. निरोध जवळ बाळगणं हा गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही, पोलिसांनी सन्मानाने वागायचं, छाप्याच्या बातमीत तोंड दाखवायचं नाही, हे त्या आदेशात आहे. छाप्यात बाईला अटक किंवा दंड नको, ही न्यायालयाने नेमलेल्या समितीची वेगळी शिफारस होती. तिच्यासकट काही शिफारशींवर केंद्र सरकारने हरकत घेतली. तेव्हा तो कागद दाखवून पोलिसाला दारातून परत पाठवता येईल असं समजू नका.

निरोधाबद्दल २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं कलम २२ हे जास्त भक्कम आहे. निरोध देणारा, घेणारी आणि तिचं गिऱ्हाईक, कुणालाही दोषी धरता येत नाही, असं त्यात उदाहरण देऊन लिहिलंय.

पिटा, म्हणजे १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, धंदा करणं हा गुन्हा म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२० मध्ये मालाडच्या प्रकरणातल्या तीन महिलांना सुधारगृहातून सोडताना हेच म्हटलं. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं (कलम ३), सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं (कलम ८) आणि शाळा, देऊळ, दवाखाना, वसतिगृह यांच्या दोनशे मीटरच्या आत धंदा करणं (कलम ७). नव्या गावात खोली घेताना आधी आजूबाजूला फिरून बघा. देऊळ नाही अशी गल्ली मात्र आपल्याकडे शोधावी लागते.

बॅगवाली

मग दोघींनी मिळून एक खोली घ्यायची, हेच बरं ना? भाडं निम्मं आणि सोबतही.

वकीलबाई

इथेच खरी मेख आहे. कुंटणखान्याची व्याख्या वाचा : दुसऱ्याच्या फायद्यासाठी, किंवा 'दोन वा अधिक' जणींच्या परस्पर फायद्यासाठी वापरलेलं घर, खोली, वाहन, जागा. एकटी बाई स्वतःसाठी खोलीत असेल तर तो कुंटणखाना होत नाही. दोघी आल्या की होऊ शकतो.

निपाणीकरीण

मान्य नाही. म्हणजे कायद्यात मान्य आहे, वागण्यात नाही. अनोळखी गावात एकट्या बाईला एकट्या खोलीत बसा सांगणं म्हणजे मार खायला बसा सांगणं. पोलीस महिन्यात एकदा येतो, माजोरडं गिऱ्हाईक रोज येतं.

सावली_मिरज

निपाणीकरीणताईंशी सहमत. २००४ मध्ये गोव्यात बायना ही धंद्याची वस्ती पाडली. वस्तीत काही झालं तर ओरडलं की चार बाया धावतात. विखुरलेल्या लॉजच्या खोलीत ओरडलं की टीव्हीचा आवाज वाढवतात.

वकीलबाई

मी एकटं बसा म्हणत नाही, धोका कुठे आहे ते सांगतेय. वेगवेगळ्या खोल्या, आपापल्या नावावर आपापलं भाडं, आणि पैसे एकत्र ठेवायचे नाहीत. एकीने दुसरीचा हिशोब ठेवला की ती 'चालवणारी' ठरते. कायदा 'जागा' असा मोघम शब्द वापरतो, त्यामुळे याने सगळं मिटतं असं कुणी म्हणू नये. पण एका खोलीपेक्षा बाजू भक्कम.

छापा पडलाच तर : झडतीच्या वेळी दोन महिला पोलीस असल्या पाहिजेत, चौकशी महिला पोलिसानेच करायची, आणि पंचांत एक बाई हवी. सूर्यास्तानंतर बाईला अटक साधारणपणे करता येत नाही, अपवाद असला तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. कोऱ्या कागदावर सही करू नका. वय खरं सांगा आणि वयाचा पुरावा जवळ ठेवा, त्यावरून पुढचं सगळं ठरतं. फुकट वकिलासाठी १५१००.

कडकचहा

दोन खोल्या एकमेकींसमोर घ्या, शेजारी नाही. शेजारणीच्या दारात काय चाललंय ते दिसत नाही, समोरचीच्या दारात दिसतं.

आणि फोनचा नियम. माणूस आत येताना 'आले गं मी' असा मैत्रिणीला फोन, तोही त्याच्यासमोर, मोठ्याने. सुटायची वेळ सांगायची. त्या वेळेच्या पंधरा मिनिटांत उलट फोन आला नाही तर पलीकडची आधी फोन लावते, मग मॅनेजरला दार ठोकायला पाठवते, मग ११२. हा क्रम दोघींना पाठ हवा. नुसतं 'काही झालं तर फोन कर' याला अर्थ नाही, काही झालं तर फोन त्याच्या हातात असतो. एक शब्द ठरवा जो संकटातच वापरायचा, पण रोजच्या बोलण्यातला : 'दूध नासलं' वगैरे. 'वाचवा'सारखा शब्द ठरवू नका.

व्हॉट्सॲपवर ठिकाण पाठवता ते जास्तीत जास्त आठ तास चालतं. संध्याकाळी सहाला चालू केलंत तर पहाटे दोनला बंद पडतं, नेमकं नको तेव्हा. बाराला परत चालू करा.

लालपरी

दूध नासलं :) माझ्याकडे ते खरंच रोज नासतं, घोळ होईल.

कडकचहा

मग 'शिट्टी झाली नाही' घे.

बॅगवाली

खोलीबद्दल. ताब्यात घेण्याआधी आतून कडी लावून दार खांद्याने ढकलून बघा. कडीचे स्क्रू हलत असतील तर खोली बदला. रबरी डोअर स्टॉपर न्या, तळहाताएवढा असतो. पण दार आत उघडणारं असेल तरच त्याचा उपयोग, बाहेर उघडणाऱ्या दाराला तो शोभेची वस्तू. गुळगुळीत फरशीवर सरकतो, म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. गिऱ्हाईक आत असताना मात्र लावायचा नाही, तेव्हा आपल्याला पळायचं असतं. स्टॉपर आपण एकट्या झोपताना.

चप्पल दाराशी, तोंड बाहेरच्या बाजूला. गळ्यात ओढणी नको, जाड साखळी नको. मंगळसूत्र घालायचंच असेल तर ओढलं की तुटेल अशा कच्च्या दोऱ्यातलं. कानात लोंबतं काही नको. पलंगावर बसताना दाराकडची बाजू आपली.

सुईदोरा

आधार कार्डाबद्दल कुणीतरी लिहा. लॉजवाले झेरॉक्स ठेवून घेतात.

केमिस्टकाका

मास्क केलेलं आधार काढा, पहिले आठ आकडे झाकलेले येतात, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मिळतं. झेरॉक्स द्यायची वेळ आलीच तर तिच्यावर आडवं लिहा : 'फक्त अमुक लॉजमध्ये मुक्कामासाठी', तारीख, सही. अक्षरं फोटोवरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलेलं कापता येतं. मतदार ओळखपत्र दिलं तरी चालायला हवं.

ज्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नाही म्हणून आधारच नाही, त्यांना २०२२ च्या त्याच आदेशाप्रमाणे राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर आधार काढता येतं. कार्डावर धंद्याचा उल्लेख येत नाही. प्रकल्पातल्या ताईला विचारा.

आरसा_

आम्हा तृतीयपंथी लोकांसाठी एक वेगळी अडचण. कार्डावर जुनं नाव-जुना फोटो आणि समोर साडीतली मी, मग काउंटरवर तमाशा. २०१९ च्या कायद्याखालचं जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र पोर्टलवरून मिळतं, त्यावरून बाकीची कार्डं बदलता येतात. ते होईपर्यंत खोलीचं बुकिंग कार्डावरच्याच नावाने करा, हाक मारायचं नाव वेगळं सांगा. इस्ट्रोजेन (बाईचं हार्मोन) घेणाऱ्यांनी वर सांगितलेली 'दोन, एक, एक' प्रेप वापरू नये, रोजचीच घ्यावी.

रात्रपाळी

पैशांबद्दल. यूपीआयने घेतले की समोरच्याला बँकेतलं खरं नाव दिसतं, बहुतेक वेळा नंबरही. नव्या गावात रोखच बरी. आगाऊ पाठवतो म्हणून क्यूआर पाठवणारा आणि 'पिन टाका म्हणजे जमा होईल' म्हणणारा चोर आहे, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बँकेचा मेसेज म्हणजे पैसे. फोटो व्हायरल करायची धमकी आली तर एकदाही पैसे देऊ नका, दिले की दर वाढतो. मेसेज पुसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार.

रोख दोन जागी. रोजच्या पाकिटात एका दिवसाचे आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे, शिवलेले.

नवीन_आयडी

पाळी मध्येच आली तर? सगळ्या जणी कापूस आत ठेवतात म्हणे.

सुईदोरा

ठेवतात, आणि दवाखान्यात वास-ताप घेऊन येतात. कापसाचे धागे सुटून आत राहतात, दोरा नसला की शोधणं अवघड. नवा स्वच्छ मऊ स्पंज त्यातल्या त्यात बरा, पण भांड्याचा नाही. पाण्यात भिजवून पिळून घ्यायचा, आठ तासांच्या आत काढायचा, परत वापरायचा नाही. काढताना उकिडवं बसून जोर लावायचा आणि दोन बोटांनी ओढायचा. हाताला लागला नाही तर त्याच दिवशी दवाखाना. पाळीचा कप आत असताना संभोग नाही.

आधीच माहीत असेल तर पाळी पुढे ढकलणारी गोळी असते, नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, येणाऱ्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण पायात कधी रक्ताची गाठ झाली असेल, यकृताचा त्रास असेल किंवा अर्धशिशी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि ही गर्भनिरोधक नाही. सरकारी दवाखान्यातलं 'अंतरा' तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, त्यात पहिले काही महिने कधीही डाग पडतात. दौऱ्याच्या आठवड्यात पहिलं इंजेक्शन घेऊ नका एवढंच.

निपाणीकरीण

याच ओघात तुरटी. आत तुरटी लावून 'घट्ट' करणं थांबवा. आतलं कातडं आकसून कोरडं पडतं, बारीक चिरा पडतात, निरोध फाटतो आणि त्या चिरांतूनच आजार आत शिरतो. गिऱ्हाइकाला कळतही नाही, आपल्यालाच जळजळ.

अंगावरून पांढरं जास्त जाऊ लागलं, वास-खाज असली तर सुरक्षा क्लिनिकमध्ये हिरवं किट देतात. त्यातल्या सेक्निडॅझोलवर दारू चालत नाही, मळमळून लोळायची वेळ येते. ओटीपोटात दुखून ताप आला तर किटची वाट बघू नका, डॉक्टरच. दुसरीच्या उरलेल्या गोळ्या तर कधीच नाही.

लालपरी

थोडं हाडामांसाचं. केस काढायचे तर निघायच्या दोन दिवस आधी, त्याच दिवशी ब्लेड फिरवलं तर बारीक जखमा उघड्या राहतात. खालचे कात्रीने बारीक केले तर जास्त सुरक्षित. प्रत्येक वेळेनंतर लघवी, आणि दिवसात निदान दोन-अडीच लिटर पाणी. बाथरूम लांब म्हणून पाणी कमी पिणं हे मूत्रमार्गाच्या जळजळीचं एक कारण. ओआरएसची पाच पाकिटं, एक पाकीट एका लिटरला, अर्धं पाकीट ग्लासात ढवळून पिऊ नका, अति खारट होतं.

दिवसा झोपायचं तर खिडकीला काळी ओढणी आणि दोन सेफ्टी पिना. आपली चादर, आपला टॉवेल. दारूवर झोपेची गोळी कधीच नाही, श्वास मंदावतो. गुडघ्यांखाली उशी घेऊन दहा मिनिटं उताणं पडलं की कंबर सुटते. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी, आणि त्या दिवशी फोन बंद. मन फारच जड झालं तर १४४१६ वर मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही.

रात्रपाळी

सुट्टी? तोही दिवस खोलीचं भाडं चालू असतं गं.

लालपरी

म्हणून भाडं ठरवताना बारा दिवसांना दहा दिवसांचं उत्पन्न धर. तेवढ्यात भागत नसेल तर त्या गावाला जाऊच नकोस.

घाटउतार

सगळं वाचलं. पण मी एका खांद्याची पिशवी म्हटलं होतं, तुम्ही ट्रकभर सामान सांगितलंत.

बॅगवाली

मावतं. बिस्किटाच्या डब्यात निरोध, त्याच्या फटींत ओआरएस. गोळ्यांच्या डब्या मोज्यात. चादर खाली, टॉवेल वर, स्टॉपर चपलेच्या आत. मतदार कार्ड आणि आधारचे कागद प्लास्टिकमध्ये, पिशवीच्या पाठीकडच्या बाजूला. जेलच्या ट्यूबचं झाकण काढून तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून परत घट्ट लावा, घाटात हवा फुगून ट्यूब गळते आणि मग चादरच सरसरीत होते. भरून झाल्यावर पिशवी खांद्याला लावून जिना चढून बघा. तिसऱ्या मजल्यावर दम लागला तर दोन साड्या काढा, निरोध नाही.

कडकचहा

आणि लोणच्याची बाटली?

बॅगवाली

ती हातात धरायची. तिच्यासाठी कुठलाच डबा पुरत नाही.